पिवळ्या रेषेच्या आत

सोमवार
आजपासून मी कारखान्याची झाले! ताईने शब्द टाकला म्हणून नोकरी लागली. ती इथेच, पत्रा दाबून आकार देणाऱ्या प्रेसच्या लाइनवर, तयार माल तपासते. मधोमध एक अवाढव्य यांत्रिक हात आहे. गाड्यांच्या दरवाजांचे पत्रे उचलायचे, प्रेसखाली ठेवायचे, एवढंच त्याचं काम. त्याचा प्रोग्रॅम आता माझ्या ताब्यात. यंत्रांची दुरुस्ती बघणाऱ्या फिटरमामांनी मुद्दाम हाताभोवतीच्या पिवळ्या रेषेच्या आत पाय टाकून दाखवला. हात जागच्या जागी थांबला. मामा म्हणाले, गाईसारखा गरीब आहे गं, नुसता दिसायला राक्षस. ताईने डोळे वटारले, तर तिलाच घाबरल्यासारखं करून बाहेर पळाले.

बुधवार
साहेबांना वेग हवाय. आपण लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवतो तो कंपायलर. त्याला ऑप्टिमायझेशनचा पर्याय दिला की तो आपल्या मनाने काटछाट करतो, फालतू वाटेल ते गाळतो. आजवर पर्याय शून्यावर होता. मी दोनवर नेला. हात असा सळसळला की ताईने टाळ्याच पिटल्या. साहेबांनी पाठ थोपटली. उद्या तीन!

गुरुवार
तीनवर विचित्र वागतोय. प्रोग्रॅममध्ये पडद्यावर नोंद छापणारी एक ओळ घातली की शहाण्यासारखा वागतो. काढली की पत्रा ट्रॉलीत घुसवतो. साहेब म्हणाले, वेग बघ, खुसपटं काढू नकोस.
दुपारी पत्रा अडकला. मामा नेहमीसारखे रेषेच्या आत गेले. हात थांबला नाही. पत्र्यासकट त्यांना उचललं, खांबावर आपटलं. बरगड्या मोडल्याचं मला ऐकू आलं. मग नीट, हळूच, प्रेसखाली ठेवलं. ताईच्या तोंडावर रक्त उडालं. तिने ते पुसलंही नाही.

शुक्रवार
पोलिसांनी अपघात म्हणून लिहून नेलं.
मला कारण सापडलंय. कोणी आत आलं की रेषेवरचा सेन्सर, हाताचा डोळाच तो, एक आकडा बदलतो. प्रोग्रॅममध्ये तो कुठेच बदलत नाही, म्हणून कंपायलरने ठरवलं, सुरुवातीला एकदा बघितलं, पुरे. तेव्हा आत कोणी नव्हतं, म्हणजे कधीच कोणी नाही. हात तातडीने थांबवायच्या लाल बटणाचंही तेच. आकडा बाहेरून बदलतो, हे सांगणारा एक शब्द लिहायचा राहिला होता. मामा गेले ते त्या शब्दापायी.
शब्द घातला. पर्याय शून्यावर. साहेब म्हणाले, चूक मामांचीच, आणि शून्यावर माल वेळेत निघत नाही.

शनिवार
साहेबांनी गुरुवारचाच, तीनवरचा प्रोग्रॅम चढवला. मला न सांगता. ताई मामांच्या जागची फरशी पुसायला आत गेली आणि—
गुडघ्याखाली पाय नाही. मी खांबामागे ओढलंय तिला. ओढणीने आवळून बांधलंय.
लाल बटण दाबलं. काही नाही. साहेब वीज तोडायच्या मुख्य खटक्याकडे धावले. पकडीतून सुटलेला पत्रा भिरभिरत गेला, त्यांची मान— तिथेच पडलेत. आज सुट्टी, राहिलेला माल काढायला आम्ही तिघंच आलो होतो. चौथं माणूस नाही. फोन बाहेर टेबलावर, मधे हात.
डोकं ताळ्यावर राहावं म्हणून लिहितेय.

हात खांबावर आदळतोय. खांब वाकतोय.

ताईचे ओठ पांढरे. म्हणते, जाऊ नकोस गं. खटका समोर दिसतोय. हात पलीकडे वळला की—

तिला सांगितलं, आलेच.

वळला. आता—