आईचं आठपानी

दिवा (पूर्व),
१२ जानेवारी २०२५

ती. राजरत्नदादास,
सप्रेम जय भीम.

फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस, मेसेज केला की अंगठा पाठवतोस. म्हणून पत्र. ह्याला अंगठा चालणार नाही.

शाळेची नोकरी सांभाळून मी रविवारी विहाराच्या वरच्या खोलीत काय उद्योग करते, असं वहिनी विचारत होती. झीन करते. कोऱ्या कागदाला घड्या घालायच्या, मधोमध एक काप द्यायचा, की आठ पानांचं पुस्तक होतं. त्यात आपलं आपण लिहायचं, स्टेशनजवळ झेरॉक्स मारायच्या आणि वाटायच्या. संपादक नाही, प्रकाशक नाही, प्रस्तावना लिहायला कुणी अध्यक्ष नाही. मानपाड्याला पॅकिंगच्या कामाला जाणारी पायल आहे ना, तिने आमच्या पाण्याच्या टँकरवर केलंय. कव्हरवर रिकामा ड्रम, आणि नाव 'आज येईल'. अख्ख्या चाळीने वाचलं. तुझ्या बँकेचा वार्षिक अहवाल कोण वाचतं?

आईसुद्धा येते. स्वतः काही करत नाही, दुसऱ्यांच्या घड्या वाकड्या आहेत म्हणून हसते.

एकदा ये. की बाळकुमच्या टॉवरमधून दिव्याला यायला व्हिसा लागतो? दारावर नुसतंच 'राजरत्न पी.' लावून बसलायस, पुढचं आडनाव पेंटरने गिळलं का?

वहिनीला नमस्कार. लोभ ठेव, निदान मीटिंग नसेल तेव्हा.

तुझी,
रचना

*

बाळकुम, ठाणे,
२० जानेवारी २०२५

चि. रचनास,
जय भीम. अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. घडी घातलेल्या कागदाला पुस्तक म्हणायचं तर वडापावाच्या पुड्यालाही ग्रंथ म्हणावं लागेल. त्यात निदान वडा असतो. अगं, एम.ए. झालीस ती कात्री चालवायला? टँकरवर लिहून टँकर येतो का? येत असेल तर कळव, मीही दोन पानं लिहीन.

आता कामाचं. मराठी भाषा दिनाला आमच्या सोसायटीला काहीतरी वेगळं करायचंय. प्रीतीने महिला मंडळात नणंद म्हणून तुझं नाव सांगितलं आणि आमचे सेक्रेटरी केदार ह्यांनी ते उचलून धरलं. १६ फेब्रुवारीच्या रविवारी इथे क्लबहाऊसमध्ये तुझी ती झीन शिकवायची, आणि २७ तारखेला जे होईल त्याचं प्रदर्शन. इथली माणसं सुशिक्षित आहेत, तेव्हा विषय जरा प्रसन्न ठेव. बालपण, आजी, झाडं. तुमचा ड्रम दिव्यातच राहू दे.

प्रीती त्या दिवशी कल्याणला असेल, तिच्या वडिलांचं दुखणं वाढलंय. पण मी आहे.

मोठ्या भावाचा उपदेश गोड मानून घ्यावा. कडू लागल्यास वर पाणी प्यावं, आलं असेल तर.

तुझा,
दादा

*

दिवा (पूर्व),
१८ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
सप्रेम जय भीम.

तुझे सुशिक्षित पाहून आले. आईलाही बरोबर आणलं होतं, म्हटलं मुलाचं क्लबहाऊस बघेल. गृहप्रवेशाला तू आम्हाला गाडीने आणलंस, तळघरातून थेट वर. त्यामुळे तुमचा पुढचा दरवाजा आम्ही पाहिलाच नव्हता.

माझ्या हातात कागदांच्या पिशव्या, आईकडे कात्र्यांचा डबा. वॉचमनने आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मागच्या लिफ्टकडे बोट केलं. वर पाटी होती, घरकाम, डिलिव्हरी व कचरा यासाठी. मी भांडायला तोंड उघडलं, तर आईच म्हणाली, वरच जाते ना, मग चल.

तुझ्या केदाररावांनी मायमराठीवर एवढं लांब भाषण ठोकलं, की मायमराठीलाच झोप लागली असेल. खाली उतरल्या उतरल्या स्वतःच्या मुलाला इंग्रजीत दटावलं. अकराव्या मजल्यावरच्या मंदाकिनीताईंनी बोन्सायवर लिहिलं. आठव्या पानावर बोन्साय सुकला. एवढीच काय ती त्या दुपारची शोकांतिका.

आणि तू? समोशांच्या मागून धावत आलास, माझ्याकडे हात करून सांगितलंस, ही माझी बहीण. मग आईकडे पाहिलंस आणि म्हणालास, ह्या पण आल्यात. ह्या!

आईने ते ऐकलं. कोपऱ्यात बसली आणि पहिल्यांदाच माझ्याकडून कागद मागून घेतला. तिचं आठपानी केदाररावांच्या गठ्ठ्यात गेलंय, पण मी आधी उतरवून घेतलं. एका पानावर एक ओळ:

माझ्या मुलाच्या बिल्डिंगीत दोन लिफ्ट आहेत.
एकीत आरसा आहे.
एकीत कचऱ्याचा डबा आहे.
आरशाच्या लिफ्टने कुत्रा गेला, त्याला कुणी अडवलं नाही.
डब्याच्या लिफ्टने मी गेले, मलाही कुणी अडवलं नाही.
मी जन्मभर दवाखान्यात आया होते.
तिथे डॉक्टर आणि मढं एकाच लिफ्टने जायचे.
दोघांचीही तक्रार नव्हती.

खाली सही, शकू, दिवा. माझ्या खोलीत इतकी माणसं येतात, पण असं अजून कुणी लिहिलेलं नाही.

समोसे छान होते. राग आहे, लोभही आहे. कुठला वाढवायचा ते तू ठरव.

रचना

*

बाळकुम, ठाणे,
२१ फेब्रुवारी २०२५

चि. रचनास,
जय भीम.

तू वाटेल ते लिहितेस. त्या दिवशी मी घाईत होतो, तोंडून काहीतरी निघालं. त्याचं एवढं?

केदारांचा फोन आला होता. बाकी सगळं लावणार आहेत, ते लिफ्टचं नको म्हणाले. उत्सवाच्या दिवशी असला कडवटपणा बरा दिसत नाही. तुझ्याबरोबर आलेल्या मदतनीस बाईंनी ते लिहिलं आणि मुलाची बिल्डिंग वगैरे कल्पना आहे, असा त्यांचा समज झालाय. मी तो दूर केला नाही. विषय उगीच वाढला असता. तुम्ही रविवारी येऊन रविवारी गेलात, मला इथे रोज राहायचंय. कर्ज अजून फिटायचंय आणि वॉचमन एजन्सीचा आहे, त्याला काय कळतं?

तू आईला समजाव. म्हणावं, दुसरं काहीतरी लिही. तिच्या हातच्या भाकरीवर लिहील तर सगळ्यांना आवडेल.

समजून घेशील अशी आशा करतो. दुसरं काय करणार?

दादा

*

दिवा (पूर्व),
२३ फेब्रुवारी

चि. राजू यास,
जय भीम.

तुझं पत्र रचनाला मोठ्याने वाचायला लावलं. मला वाचता येतं, पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर तरी आपलाच पोरगा बोलतोय हे पटेल, असं वाटलं. नाही पटलं.

भाकरीवर लिही म्हणतोस. माझी भाकरी खाऊन तू साहेब झालास, आता तिचं कौतुक तुझ्या सोसायटीला लिहून देऊ? त्यांना पाहिजे असेल तर पीठ मळून बघू दे, बोटं चिकटली की सुचेल.

मदतनीस बाई म्हणे. पगार काय ठरवलायस माझा? रविवारची सुट्टी देणार का?

मी तुझ्यावर काही लिहिलेलं नाही. तुझं नाव त्यात कुठे नाही. तू शोधलंस म्हणून तुला सापडलं. मी कागद मागे घेणार नाही, आणि लावच म्हणून तुझ्या पायाही पडणार नाही. मोठा झालास, आपलं आपण बघ.

खोकला गेला का? एसी जरा कमी ठेवत जा. प्रीतीच्या वडिलांना विचारलं म्हणून सांग.

माया आहे. ती लिहून दाखवायची आपल्यात पद्धत नाही.

तुझी आई
(मदतनीस)

*

बाळकुम, ठाणे,
१ मार्च २०२५

चि. रचनास,
सप्रेम जय भीम.

२७ तारखेचं तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच कळवतो.

तुझ्या पत्रात आईच्या ओळी होत्याच. सकाळी ऑफिसला जाताना ठाणे स्टेशनबाहेर बसून त्या एका कागदावर उतरवल्या, झेरॉक्स मारल्या. घडी चार वेळा चुकली, शेवटी झेरॉक्सवाल्याने घालून दिली. गठ्ठा दिवसभर बॅगेत होता. बाहेर काढीन की नाही, माझं मलाच माहीत नव्हतं.

संध्याकाळी दोरीला चिमट्यांनी सगळ्यांची पुस्तकं टांगली होती. बोन्साय मधोमध. मंदाकिनीताईंनी ते वाचून दाखवलं, टाळ्या पडल्या. मग केदार म्हणाले, राजरत्नजी, तुमच्या भगिनींमुळे हे घडलं, दोन शब्द बोला. मी बॅगेतला गठ्ठा काढून पुढच्या रांगेत वाटायला दिला, माईक घेतला आणि आईची आठ पानं वाचली. कुत्र्यावर दोघे-तिघे हसले. सहाव्या पानावर माझा आवाज गेला. पाणी प्यायलो आणि पुढचं वाचलं. शेवटी सांगितलं, हे लिहिणारी माझी आई आहे.

केदार जवळ येऊन कानात कुजबुजले, अहो, आधी सांगायचंत, त्यांना आपण पुढच्या लिफ्टने आणलं असतं. माईक माझ्या हातातच होता. मी म्हटलं, माझी आई म्हणून आणलं असतं, नुसती बाई म्हणून नाही, तेच तर तिने लिहिलंय. त्यावर कुणीतरी चहा आला, चहा आला असं ओरडलं आणि सगळे मराठीप्रेमी उठले.

क्रांती वगैरे काही झाली नाही. पाटी तिथेच आहे. विनापरवाना मजकूर वाटल्याबद्दल मला कमिटीची नोटीस आलीय, तीही इंग्रजीत. केदार मला पाहिलं की छताकडे बघतात. मंदाकिनीताईंनी मात्र दोन प्रती मागून नेल्या आणि त्यांच्या पोळीवाल्या बाईंना एक वाचून दाखवली. त्या बाई म्हणे पोटभर हसल्या.

त्या दिवसापासून मी मागच्या लिफ्टनेच जातो-येतो. आईला सांग. तिला सरळ लिहायची माझी छाती होत नाही.

रागावलीस तरी लिहीत जा.

तुझा,
राजरत्न

*

दिवा (पूर्व),
९ मार्च

चि. राजू यास,
जय भीम.

ह्या वेळचं पत्र मीच वाचलं. दोनदा. दुसऱ्यांदा वाचलं कारण मधेच टँकर आला.

माईकवर आवाज गेला म्हणे. त्यात काय सांगायचं? मला माहीत होतं जाणार. रचनाच्या खोलीत पायलने ते आठपानी भिंतीला लावलंय आणि चार नव्या बाया माझ्यासमोर कागद घेऊन बसल्यात. आता त्यांच्या घड्या मलाच सरळ कराव्या लागतात. सगळ्या वाकड्या.

पण मागच्या लिफ्टने जातोस, हे कुणी सांगितलं होतं तुला? सकाळच्या वेळी त्या बायांना एका घरातून दुसऱ्या घरात पळायचं असतं. आधीच दाटी, त्यात तू आणि तुझी ती भली मोठी बॅग. एका बाईची जागा खाल्लीस, आणि वर मला निरोप धाडतोस, आईला सांग म्हणून. शाबासकी पाहिजे का?

उद्यापासून आरशाच्या लिफ्टने जा. दार धरून उभा राहा, आणि बायांना म्हण, या, आत या. केदार असला तर त्याला जरा सरकायला सांग.

जेवत जा वेळेवर. भेटायला येशील तेव्हा दोघंही या.

तुझी आई,
शकू