पुठ्ठ्याची पेटी

१ जानेवारी १९९९, सुरत
संकल्प दोन. एक, कादंबरी पुरी करणे (पानं ४००). दोन, पेटी शिकणे. गुरू नको. मोठी माणसं स्वतःच शिकतात. मी सातवीत शाळा सोडली ती त्यासाठीच.

४ जानेवारी
पेटी परवडत नाही. कारखान्यातून साडीच्या खोक्याचा पुठ्ठा आणला, स्केचपेननं काळ्यापांढऱ्या पट्ट्या काढल्या. खऱ्या पेटीपेक्षा सोयीचं. खोलीत सातजण, कुणालाच त्रास नाही. सूर डोक्यात वाजतात. डोक्यात ट्यूनिंग बिघडत नाही.

१९ जानेवारी
कादंबरी : पान १ झालं. छान झालंय. परत लिहिणार.

७ फेब्रुवारी, रविवार
आता दोन्ही हातांनी वाजवतो. आमच्या गडमुडशिंगीच्या गायन पार्टीतला केरबा चाळीस वर्षं एकाच हातानं वाजवतोय. कीव आली. रूम पार्टनर कृष्णात, शिवाजी पेठेत फुटबॉल खेळलेला, पुठ्ठ्याला कान लावून बसला. म्हणाला, "पावणं, वाजतंय ते दिसतंय की. ऐकू कधी येणार?" फुटबॉलवाल्याला काय कळणार.

२ मार्च
पार्टीप्रमुख धम्मपालचं पत्र. केरबाच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, चौदा एप्रिलच्या जयंतीला पेटीवर माणूस नाही. माझे वडील, आबा, गल्लीभर सांगत सुटलेत म्हणे, आमचा संग्राम सुरतेत पेटी शिकला. खरं असेल तर ये, नाहीतर केरबाच्या लेकीला, रूपालीला बसवतो. लगेच कळवलं : तयार आहे. पत्रकावर 'कादंबरीकार व पेटीवादक' असं छापा.

२८ मार्च
जास्त रियाजानं पुठ्ठा मधोमध फाटला. चिकटपट्टी लावली. मध्यम जरा चिकटतो, बाकी सूर शाबूत. कादंबरी : पान १, सहाव्यांदा. घाई करून भागत नाही.

११ एप्रिल
रजा नामंजूर. तरी निघालो. कलावंताला नोकरी म्हणजे अडथळाच.

१५ एप्रिल, गडमुडशिंगी
काल जयंती. पत्रकावर नाव मोठ्या टायपात. आबा पहिल्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट. मी स्टेजवर दोन्ही हात पट्ट्यांवर ठेवले, सुरू केलं. आवाज नाही. परत. नाही. मागं केरबा बसलेला, डोळ्याला पट्टी, तरी त्यालाच आधी कळलं. हळूच म्हणाला, "पोरा, भाता."
पेटीला मागं भाता असतो. डाव्या हातानं हलवत राहायचा, तेव्हा हवा भरून सूर येतो. हे मला माहीत होतं. पुठ्ठ्याला नव्हता, एवढंच. भाता हलवायला गेलो की बोटं थांबायची, बोटं चालली की भाता. लोक हसायला लागले.
आबा उठले. चपला काढून वर आले, लोकांकडं पाठ करून पेटीपुढं बसले. जन्मात पेटीला हात लावलेला नाही. म्हणाले, "तू बोटं फिरीव. भाता मी हलवतो की."
अर्धं गाणं झालं. बाकीची गाणी रूपालीनं वाजवली. एका हातानं.
टाळ्या पडल्या. आमच्या अर्ध्या गाण्याला पडल्या त्या बहुधा आबांना.

२० एप्रिल, सुरत
नोकरी राहिली. घडी-पॅकिंगवरून काढून गठ्ठे उचलायला लावलंय. निघताना आबा स्टँडवर आलते. डावा खांदा चोळत म्हणाले, "पुढच्या साली बी मीच बसायचं न्हवं?"
कादंबरी : सुट्टी.
नवा पुठ्ठा आणला. पट्ट्या काढल्या. मागं भाता पण काढला. तासभर डावा हात हलवत बसलो. कृष्णात बघत होता. मग त्यानं पुठ्ठ्याला परत कान लावला.