ज्वारीच्या दाण्याएवढं दुखणं

अंबड, नाशिक

तीर्थस्वरूप कोंडाजीदादांस,
सावळीरामचा, कंबर वाकेल तेवढा वाकून नमस्कार.

तुमची तब्येत, वहिनींचे गुडघे, द्राक्षबाग आणि नुकतीच व्यालेली म्हैस सगळं सुखरूप असेल अशी आशा आहे. (म्हशीची चौकशी आधी करणार होतो, पण पत्र वहिनीही वाचतील.) फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही निम्मं ऐकता आणि उरलेलं मनाने रचून सायखेड्याला सांगता. परवा तुमच्या गावचा एक जण मला बघून दचकलाच. म्हणे, "तुमचा हात तोडला होता ना?" तेव्हा लेखी कळवतो की हात शाबूत आहे. जे काढलं ते नखाखालचं होतं.

तुम्हाला माहीतच आहे, मी पिंपळगावला द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये सुपरवायझर आहे. मागे केव्हातरी डाव्या हाताच्या अनामिकेच्या नखाखाली निळसर ठिपका दिसायला लागला. वाटलं, दारात बोट सापडलं असेल. पण थंड खोलीत शिरलो की त्या ठिपक्यातून अशी कळ निघायची की थेट खांद्यापर्यंत वीज जायची. एकदा माल तपासायला मुंबईहून साहेब आले होते. त्यांच्यासमोर मी असा काही बोंबललो की पेटीत साप निघाला असं समजून साहेब हातातला घड टाकून गाडीत जाऊन बसले आणि काच वर करूनच माल पास केला. (माल पास झाला म्हणून माझी नोकरी वाचली, पण पुढच्या वेळी शेठनी मला फाटकावरच उभं केलं.) आमचा फोर्कलिफ्टवाला पुंजा कानाशी येऊन म्हणाला, "साहेब, हे बाहेरचं लय जोरात लागलेलं हे. डॉक्टरचं काम नाय."

डॉक्टरही काही कमी झाले नाहीत. एकाने रक्त तपासून डाळ आणि टोमॅटो बंद केले. दुसऱ्याने मानेचा मणका धरला आणि पट्टा दिला. दुखायचं बोट, आणि मी हिंडायचो मान ताठ करून. कॉलनीत लोकांना वाटलं, मला बढती मिळाली. तिसऱ्याने फार मायेने विचारलं, घरी काही ताण आहे का? घर बाहेरच बाकावर बसलेलं होतं, म्हणून मी नाही म्हणालो.

आता तुमच्या बहिणीविषयी. उज्वला अंबडच्या एका कंपनीत ऑफिसात लागल्यापासून संध्याकाळची भांडी माझ्याकडे आली. (हे गावात सांगू नका. सांगितलं असेल तर परत घ्या.) नाशिकचा जानेवारी आणि गच्चीवरच्या टाकीचं पाणी! पहिल्याच पातेल्याला मी किंकाळी फोडली. मग रोज फोडायला लागलो. उज्वला नुसती बघत राहिली. तिची नजर तुम्ही ओळखता. लहानपणी तुमची गुळाची चोरी तिनेच पकडली होती म्हणे. शेवटी एके दिवशी तीच मला त्वचेच्या डॉक्टर मनालीमॅडमकडे घेऊन गेली. हेतू असा, की नखावर डाग आहे तर कातडीच्या डॉक्टरनेच बघावं आणि काही झालेलं नाही असं सांगून टाकावं, म्हणजे माझं तोंड बंद होईल.

तिथे मला बोलूच दिलं नाही. उज्वलाच सुरू झाली, "मॅडम, ह्यांचं नाटक ऐका. थंड पाण्यात हात घातला की दुखतं, गरम चहाचा कप धरला की दुखत नाही. भांडं लागलं की ओरडतात. बाकीची नऊ बोटं ठणठणीत, एकच बोट दुखतं. आणि त्या बोटावरही एवढीशीच जागा!"

मी मान खाली घातली. मॅडमचा चेहरा मात्र असा खुलला, जणू उज्वलाने पेढे दिले. त्यांनी टाचणी घेतली आणि तिच्या बोथट डोक्याने नखावर दाबत गेल्या. इथे काही नाही, इथे काही नाही, आणि ठिपक्यावर आल्या तसा मी खुर्चीसकट मागे सरकलो. मग दंडाला ब्लडप्रेशरचा पट्टा बांधून फुगवला आणि पुन्हा तिथेच दाबलं. आणि काय सांगू दादा, दुखेचना! उज्वला म्हणाली, "बघा! पकडलं की नाही?" तेवढ्यात मॅडमनी पट्ट्यातली हवा सोडली. त्यानंतर मी जे ओरडलो, ते ऐकून बाहेरचा एक पेशंट चप्पल न घालताच गेला.

मॅडम म्हणाल्या, "ताई, तुम्ही सांगितलेलं एकेक लक्षण बरोबर आहे. हे नाटक नाही. ह्याला ग्लोमस ट्यूमर म्हणतात."

ट्यूमर म्हटल्याबरोबर उज्वलाने माझा दंडच धरला. (डावा. पण ती वेळ बोलायची नव्हती.) मॅडमनी समजावलं, की बोटांच्या टोकाला रक्ताच्या बारीक नळ्या असतात, थंडी-उष्णता बघून त्या उघडतात-मिटतात. त्यांचीच ही गाठ. क्वचित होते, साधी असते, काढली की दुखणं जातं. उज्वलाने सगळं नीट ऐकून घेतलं. सासरी येताना न रडलेली तुमची बहीण परतताना रिक्षात मात्र रडली. आणि रडता रडता माझ्यावरच खेकसली, "मग आधी जरा जोरात ओरडायचं ना!"

ऑपरेशनला बोट बधिर केलं, नख उचललं आणि गाठ काढली. मला वाटलं होतं, एवढ्या बोंबा मारल्या म्हणजे निदान लिंबाएवढी असेल. निघाली ज्वारीच्या दाण्याएवढी! पुंजा भेटायला आला, गाठ ठेवलेल्या बाटलीत डोकावला आणि तोंड पाडून म्हणाला, "एवढीच हे?" मला त्याची माफी मागावीशी वाटली. मग गाठ तपासायला पाठवली, तिचा रिपोर्टही साधी गाठ असाच आला. उज्वलाने देवापुढे साखर ठेवली. मीही हात जोडले, एकच बोट जरा वर धरून.

बोट अजून नाजूक आहे. उजव्या हाताने कसंबसं लिहितो आहे. (डावरा नाही, तरी त्रास होतोच.) वहिनींना नमस्कार, म्हशीला वैरण.

तुमचा,
सावळीराम

ता. क. : पत्राचं खरं कारण आता लिहितो. बोट ठणठणीत आहे. टाके निघाले, काल थंड खोलीत मी पुंजाला गाणं म्हणून दाखवलं. पण सध्या संध्याकाळची भांडी उज्वला घासते आणि वर मला लिंबू सरबत देते. हे सुख द्राक्षाचा हंगाम संपेपर्यंत तरी टिकावं. तुम्ही रविवारी याच. बोट हातात घ्या, तोंड गंभीर करा आणि म्हणा, "अजून सूज दिसते, पाण्यात घालू नका." थोरल्या भावाचा शब्द ती मोडत नाही.

ता. क. २ : वाचून पत्र चुलीत घाला.

ता. क. ३ : दादा, मी उज्वला. ह्यांना एका हाताने पाकीट चिकटवता येत नाही, म्हणून माझ्याकडे दिलं. रविवारी जेवायलाच या, वहिनींनाही आणा, पुरणपोळी करते. तोंड ह्यांनी लिहिलंय तसंच गंभीर करा, बोट हातात घ्या आणि म्हणा, "नस आखडली आहे. रोज थंड पाण्यात चोळायला हवं." थोरल्या मेहुण्याचा शब्द हेही मोडत नाहीत.