जेवणानंतर एक

२२ नोव्हें. ९३, सोम.
दोन महिन्यांनी वही उघडली. डाव्या हाताने लिहितोय, अक्षर पहिलीतलं. उजवा अजून रुसलेला. सप्टेंबरात डोक्यातली शीर फुटली, हापिसातच कोसळलो. औरंगाबादला अठरा दिवस. त्यातलं मला काही आठवत नाही, सुमनला सगळं आठवतं. सोडताना डॉक्टर म्हणाले, "वाचलात. पुन्हा फुटली तर वाचाल असं नाही. बी.पी. ताब्यात ठेवणं तेवढं तुमच्या हातात." हातात म्हणे! कागद दिलाय: मीठ कमी, तंबाखू बंद, गोळी जेवणानंतर एक. आरशाच्या चौकटीत खोचून ठेवला.

२६ नोव्हें., शुक्र.
जिंतूर. दर शुक्रवारी तिथल्या डॉक्टरांकडे मोजायचं. १३४/८६. चोवीस वर्षं येलदरी धरणाची पातळी वाचून रजिस्टरात मांडली, आता स्वतःची मांडतोय. नियम तोच. दिसला तो आकडा लिहायचा, लिहिलेलं मोडायचं नाही, खाडाखोड नाही. सुमनला हे पाठ आहे, हजारदा ऐकलंय बिचारीने.
येताना एस.टी.त एक जण म्हणाला, कबुतराचं रक्त चोळा, आठ दिवसांत हात उठतो. कबुतराला विचारलंय का, म्हणालो. तोंड फिरवून बसला.

२७, शनि.
उपास. मी बेशुद्ध असताना सुमन मारुतीला बोलली की वर्षभराचे शनिवार हे करतील, रविवारी सकाळी सोडतील. बोलली ही, करणार मी. दिवसभर दूध-केळं. जेवण नाही, म्हणून गोळीही नाही. तिचे स्वतःचे सोमवार वेगळेच. निर्जळी, तेही माझ्यासाठी. या बाबतीत तिच्याशी वाद घालून उपयोग नाही.

५ डिसें., रवि.
सकाळपासून डोकं जड. केळ्याने वात झाला, इति सुमन. भाजी अळणी. तंबाखूची लय आठवण.

१० डिसें., शुक्र.
१३०/८४. डॉ. खूश. सुमन त्याहून खूश. "शनवार फळाला यायलेत बगा." संध्याकाळी काठी न घेता धरणाच्या भिंतीपर्यंत गेलो. पाणी बघत बसलो. जगावंसं वाटलं, खरं तर.

१४ जाने. ९४, शुक्र.
संक्रांत. विद्यापीठाच्या नावावरून वातावरण तापलेलं, एस.टी. बंद. जिंतूर राहिलं. वहीत आकड्याची जागा कोरी. कोरी जागा बघवत नाही. कॉलनीच्या दवाखान्यातले कंपाउंडर रहीमभाई परवा मशीन घेऊन येतो म्हणालेत.

१६, रवि.
आले. पट्टा आवळला, सोडला, पुन्हा आवळला. १९६/११४.
"मशीन बिघडलंय," मी.
"मशीनला काय बी झालं न्हाई. काल गोळी घेतली का?"
"काल शनिवार. उपास. गोळी जेवणानंतर लिहिलीय."
रहीमभाईंनी पट्टा सोडवला. "म्हंजे एकाबी शनवारी न्हाई? ओ साहेब, आमी रोजे धरतो तवा पैले डॉक्टरला इचारतो, औषध कवा घ्यायचं. तुमी इचारलंच न्हाई?"
नाही विचारलं. मागची पानं काढली. पाच रविवारी 'डोकं जड'. मोजत होतो शुक्रवारी, चुकत होतो शनिवारी. जन्मभर आकडे वाचले आणि स्वतःचे वाचता आले नाहीत. शुद्ध गाढवपणा. पुन्हा फुटली असती तर ती 'जेवणानंतर एक' या ओळीपायी.
सुमन दारात उभी. तोंड उतरलेलं. रहीमभाई तिला हसवायला म्हणाले, "वैनी, मशीन आलंच हाय, तुमी बी बसा." बसली. १८८/१०६. मग कुणी हसलं नाही.

१८, मंगळ.
एस.टी. सुरू. दोघं जिंतूरला. डॉ. मला बोलले ते लिहीत नाही. थोडक्यात, उपास असो नसो, गोळी रोज, दुधाबरोबर चालेल. सुमनलाही तीच गोळी. कागदावर सवयीने तेच लिहिलं त्यांनी: जेवणानंतर एक. तिचा कागद माझ्या कागदाशेजारी खोचला. "मला काय हुतंय," एवढंच म्हणाली.

२२, शनि.
उपासही केला, गोळीही घेतली. मारुती रागावलेला दिसला नाही. दुपारी सुमन धान्य निवडता निवडता म्हणाली, "माझ्या नवसापायी झालं का ओ?" नाही म्हणालो. निम्मं खोटं.

२४, सोम.
सकाळचे दहा. तिचा सोमवार. गोळी पुडीतच. घे म्हणालो.
"आज पाणी बी चालत न्हाई. आन् जेवल्यावर लिहिलंय त्येच्यावर. तुमीच म्हणता न्हवं, लिहिलेलं मोडायचं न्हाई."
"अगं, मला काय सांगितलं डॉक्टरांनी?"
"तुमचं येगळं. तुमच्या डोक्यात फुटलं हुतं."
ओरडणार होतो, तर माझंच चढायचं. भीती वाटली. माझ्या वेळी मी बेशुद्ध होतो, अठरा दिवस भीती तिने एकटीने काढली. ती काय असते ते आज समजलं.
तिचा कागद काढला. पेन उजव्या हातात दिलं, डाव्याने मनगट धरलं. 'जेवणानंतर'वर आडवी रेघ मारली. वर लिहिलं: रोज. वाकडंतिकडं, पण वाचता येतं. चोवीस वर्षांतली पहिली खाडाखोड.
कागद, गोळी आणि पाण्याचा तांब्या तिच्यापुढे ठेवला. तिने कागद उचलला. "उजव्या हातानं लिवलं?" म्हणाली.
तांब्याला अजून हात लावलेला नाही. मी समोरच बसलोय.