आरोहीचं कोरं स्टेटस

४ जानेवारी, रविवार

आरोही सुट्टी संपवून पुण्याला परतली. नोकरी लागल्यापासून केस मुलाइतके आखूड. जीन्स गुडघ्यावर फाटलेली. दुकानातच फाटकी मिळते म्हणे. सुईदोरा देऊ का विचारलं, तर म्हणाली, बाबा, शिवली तर फॅशन जाईल. बाप संस्कृतचा एम.ए. आणि ही त्याची कन्या. संकल्प: रागवायचं नाही. मृदू शब्दांत, रोज थोडं थोडं.

९ जानेवारी

तिच्या स्टेटसवर फोटो. दिंडोरीची द्राक्षबाग, मैत्रिणी, बिनबाह्यांचा टॉप, दंडावर गोंदलेली मासोळी. मी खाली लिहिलं की गोंदण तुझ्या पणजीनंही केलं होतं, पण ते झाकायला बाही होती. विनोद होता. उत्तर नाही. मौन हे संमतीचं लक्षण.

१४ जानेवारी, संक्रांत

कुरियरनं तिळगूळ. सोबत वेशभूषेवर व्हॉइस मेसेज. सण लक्षात घेऊन आवाज गोड ठेवला. अजून ऐकलेला दिसत नाही. लांब झाला असेल. दोन भागांत पाठवायला हवा होता.

१८ जानेवारी

द्राक्षबागेचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला. हेतू शैक्षणिक. खाली प्रश्न: या वेशात काय खटकतं, सर्वांनी मोकळेपणानं सांगावं. सर्वांनी सांगितलं. पुतण्या जीवननं हसऱ्या तोंडांची रांगच लावली. सटाण्याची माझी बहीण मनीषाताई तेवढी सासरच्या भाषेत लिहिते, पोर गुणी शे, तू तुनं काम कर.

संध्याकाळी आरोही ग्रुप सोडून गेली. साधना म्हणाली, झालं तुमचं समाधान? मी बायकोला समजावलं की पश्चात्तापाला एकांत लागतो.

२६ जानेवारी

आठवडा झाला, आरोहीचं स्टेटस कोरं. एकही फोटो नाही. यश. साधनाला सांगितलं. ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, बरं झालं. तिचा मोबाइल हल्ली उपडा ठेवलेला असतो. चार्जिंग वाचत असावं.

८ फेब्रुवारी

आमच्या दैनिकात माझा लेख: ‘वेश आणि विवेक’. नाव न घेता आरोहीचं उदाहरण. उपदेश टोचू नये, मुरवावा, असा सिद्धांत मांडला. फोटोग्राफर शेखर तिला लहानपणापासून ओळखतो. म्हणाला, सर, तिनं वाचलं तर? मी म्हटलं, अरे, त्यासाठीच तर लिहिलंय. तो चहाला गेला. नुकताच पिऊन आला होता.

१७ फेब्रुवारी

साधना तडकाफडकी सटाण्याला गेली. मनीषाताईच्या सुनेचं डोहाळजेवण. डोळे लाल होते. कांदा चिरला असेल.

२१ फेब्रुवारी

डोहाळजेवण इतकं लांबतं, हे ठाऊक नव्हतं. पोहे स्वतः केले. करपले, कढई पातळ आहे.

ज्येष्ठ नागरिक संघात माझं व्याख्यान ठरलं, विषय ‘माझी मुलगी कशी बदलली’. त्यांना आरोहीचा साधा, नेटका फोटो हवा आहे. मागायला तिला फोन केला. उचलला नाही. कामात असेल.

२३ फेब्रुवारी

शेखरनं विचारलं, आरोहीचे टाके निघाले का. मी म्हटलं, कसले टाके? त्यानं स्वतःचा मोबाइल पुढे केला.

आरोहीचं स्टेटस. कोरं नव्हतं. हॉस्पिटलचा ढगळ गाऊन, ओठ पांढरे, हातात सलाइनचा दांडा. खाली लिहिलेलं, आज दारापर्यंत चालले. शेजारी साधना. तिच्या अंगात आरोहीचा टी-शर्ट, छातीवर इंग्रजीत काहीतरी.

अपेंडिक्स फुटलं होतं. आयसीयूत होती. एखाद्याच माणसाला स्टेटस दिसू नये अशी सोय असते, हे शेखरनं खिडकीकडे बघत सांगितलं.

मनीषाताईला फोन लावून विचारलं, तुला स्टेटस दिसतं का. आमले समदासले दिसस, भाऊ, म्हणाली. जीवन तर रक्त द्यायला जाऊन आला.

२५ फेब्रुवारी

साधना कपडे न्यायला आली. मला का नाही सांगितलं, विचारलं. ती आधी पाणी प्यायली. मग म्हणाली, ऑपरेशनला नेताना पोरीनं एवढंच सांगितलं, बाबांना कळवू नको, ते मला या गाऊनमध्ये ग्रुपवर टाकतील.

मी म्हणालो, असं मी कधी…

२६ फेब्रुवारी, सकाळ

मीही येतो म्हटलं. साधनानं स्पीकरवर फोन लावला. बाबा पण येतायत गं, म्हणाली. आरोहीचा आवाज फार बारीक झालाय. आई, तू एकटी ये, म्हणाली. रागानं नाही. थकून.

तसंही मला इथे कामं आहेत. संघाला व्याख्यान होणार नाही म्हणून कळवायचंय.

द्वारका चौकात पुण्याची बस उभी होती. बॅग मी उचलून वर दिली. कंडक्टरनं विचारलं, दोघं का?

एक, मी म्हणालो.