आळशी किनाऱ्याला पहिला नंबर

काला मेंता,
जूनचा शेवटचा रविवार

प्रिय जिल्दा हीस,

थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद. तू आणि अट्टिलिओ खुशाल असाल, निदान त्याचा पित्ताचा खडा तरी जागच्या जागी असेल, अशी आशा करते. माझा गुडघा पूर्वीसारखाच आहे. तो वादळ एक दिवस आधी सांगतो, पण त्याला तज्ज्ञ म्हणून कोणी बोलवत नाही. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू मध्ये बोलतेस, आणि ईस्टरला तर माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तू फोन ठेवून दिलास. पत्राला तसं करता येत नाही. (फाडता येतं. पण तू फाडणार नाहीस. लहानपणापासून तुझं कुतूहल तुझ्या रागापेक्षा मोठं आहे.)

आमच्याकडे समुद्राचे डॉक्टर उतरले आहेत हे तुला ठाऊक आहेच, कारण ते तुमच्या पुंता कोर्वोलाही जाऊन आले. माझ्या माडीवरच्या दोन खोल्या त्यांना दिल्या आहेत. प्रोफेसर पाल्लावेरा साठीचे आहेत, पाय बगळ्यासारखे, आणि ते पाय बारा महिने लोकांना दाखवावेत असं त्यांना वाटतं. दुसरी डॉक्टर नीवेस, पोरगेलीशी; दिवसभर पाण्याखाली असते आणि वर आली की जेवते. (मला ती आवडते. तळलेली तार्ली मासळी दुसऱ्यांदा मागून घेणारी बाई सहसा खोटं बोलत नाही.) कोणत्या खाडीची तब्येत कशी आहे आणि तिला काय पथ्य लावायचं, हा सल्ला प्रांताच्या सरकारला द्यायचा, हे त्यांचं काम. त्यासाठी ते तळाशी जाऊन समुद्रातलं गवत किती दाट आहे ते बघतात, खडकावरचं शेवाळ बघतात. मी पहिल्याच दिवशी सांगितलं की या खाडीला जन्मापासून रोज सकाळी बघते आहे, ती माझ्यापेक्षा ठणठणीत आहे. प्रोफेसरांनी ते अदबीनं लिहून घेतलं. मला बरं वाटलं. मग पाहिलं, तर आमच्या नगराध्यक्ष रेमिजोची गाड्या लावायला जागा नसल्याची तक्रारही ते तितक्याच अदबीनं लिहून घेत होते.

निकाल माझ्या शाळेत लागला, माझ्या फळ्यासमोर, आणि तू हजर होतीस, तेव्हा तुला सांगायला नको, तरी सांगते. पुंता कोर्वो, ‘उत्तम’. नुसती उत्तम नव्हे, बाकीच्या खाड्यांनी जिच्याकडे बघून शिकावं अशी. काला मेंता, ‘मध्यम’. जिल्दा, मी जन्मभर मुलांच्या वह्यांवर ‘मध्यम’ लिहिलं आहे. ‘मध्यम’ म्हणजे मुलगा नापासच आहे, पण त्याचे काका शाळेच्या समितीवर आहेत. (रेमिजोला मी तीन इयत्ता ‘मध्यम’ दिलं. तो त्या दिवशी माझ्याकडे बघून जरा जास्तच हसत होता.)

तेही गिळलं असतं. पण पुढे प्रोफेसर म्हणाले की ‘चांगली’च्या खाली असलेल्या खाडीत कोणी नांगर टाकू नये, नांगरानं गवत मुळासकट उपटतं. मी विचारलं, एका दिवसापुरताही नाही? तर म्हणाले, “बाई, आजारी माणसाच्या छातीवर कोणी एका दिवसापुरतं कपाट ठेवतं का?” ऑगस्टमधली आरोग्यमातेची जत्रा सगळ्यांना एकदम आठवली. बोटींनी खाडीच्या मध्यावर नांगर टाकायचा, पहिल्या बोटीत मातेची मूर्ती, तिच्यासमोर मिस्साची प्रार्थना, आणि मग समुद्रानं नेलेल्या माणसांची नावं वाचायची. रेमिजो म्हणाला, “नांगर कशाला बाई, इंजिनं चालू ठेवू.” म्हटलं, म्हणजे मातेला धुपाऐवजी डिझेलचा धूर दे. त्यावर तुमचे नगराध्यक्ष उठले आणि तोंडात साखर धरून म्हणाले, “आमच्याकडे आणा ना मातेला. आमची खाडी उत्तम आहे, एक दिवस सोसेल.” त्यांच्या शेजारी बसून तू मान हलवलीस. मी पाहिलं. हो म्हणायला हलवलीस की पंख्याचा वारा चुकवायला, ते तू जाण.

बाबांची बोट तुमच्या खाडीत बुडाली नाही, जिल्दा. इथे बुडाली, माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसणाऱ्या खडकापाशी. त्यांचं नाव मी दर वर्षी तिथेच वाचते. डोंगराच्या पलीकडे वाचलं तर त्यांना ऐकू येईल की नाही, याबद्दल विज्ञानाचं काही मत नाही. मी विचारून घेतलं.

प्रोफेसर माणूस वाईट नाही. एकदा फेरतपासणी करू म्हणाले, आणि दोघं आपल्या नमुन्यांच्या बाटल्या घेऊन शहरात गेले. आता तपासनीस पुन्हा येणार म्हटल्यावर माणूस काय करतो? आवरतो. सिस्टर युस्ताकिया आम्हाला मठाच्या शाळेत शिकवायच्या की देव आधी कोपरे बघतो. शनिवारी मिस्सा सुटल्यावर मी बायका गोळा केल्या. किनाऱ्यावर त्या समुद्रातल्या गवताच्या मेलेल्या पानांचे गुडघाभर ढीग पडलेले, तपकिरी, कुबट. ते आम्ही दर वसंतात थोडे ओढतो. या वेळी दाताळ्यांनी शेवटच्या पानापर्यंत ओढले आणि रेमिजोच्या ट्रॅक्टरमधून धाडून दिले. मग खडक घेतले. ब्रशनं घासले, एकेक. (साबण लावला नाही. मी अडाणी नाही.) संध्याकाळी आमचा किनारा मठाच्या जेवणघरासारखा दिसत होता. फादर अन्सेल्मोंच्या डोळ्यांत पाणी आलं.

रविवारी रात्री दोघं परतले. सोमवारी डॉक्टर नीवेस कॉफीचा कप घेऊन गच्चीत आली, उभी राहिली, खाली आली, आणि माझ्या पायरीवर बसली.

“बाई, खडकांवरचं तपकिरी शेवाळ कुठे गेलं?”

“घासलं.”

“सगळं?”

“कोपऱ्यांसकट.”

तिनं कप खाली ठेवला. ते शेवाळ म्हणे फक्त निरोगी पाण्यात येतं. पहिल्या खेपेला भरतीमुळे तिला ते नीट बघता आलं नव्हतं. आता तेच बघायला ती आली होती, आणि त्याच्या जोरावर आम्ही ‘चांगली’पर्यंत चढणार होतो. प्रोफेसर चालत चालत पाण्यापर्यंत गेले, परत आले आणि म्हणाले, “बाई, तुम्ही रोग्याची चादर बदलायला गेलात आणि कातडी सोलून आणलीत.” मी चाळीस वर्षांत कोणा पालकाशी असं बोलले नाही, आणि पालक कसले कसले असतात ते तुला माहीत आहे.

त्यानंतर नैर्ऋत्येचा वारा सुटला. ती घाणेरडी पानं वाळूला धरून बसलेली असतात, हे ज्ञान आम्हाला अर्धा किनारा वाहून गेल्यावर मिळालं. रेमिजोच्या मेव्हण्याची आईस्क्रीमची टपरी आता एका पायावर उभी आहे, प्रोफेसरांसारखी. आणि वर ‘मध्यम’ राहिलं बाजूला, ‘निकृष्ट’ची भाषा चालू झाली आहे.

मला चीड कशाची येते, सांगू? तुमच्या गावात दाताळं कोणाच्या घरी असलंच, तर ते नवऱ्याची पाठ खाजवायला. त्या कुबट ढिगाकडे बघून तुमचा माणूस म्हणतो “उद्या”, आणि अंजिराखाली आडवा होतो. पिढ्यान् पिढ्या कोणी काही केलं नाही, आणि त्या न करण्याला विज्ञानानं पहिला नंबर दिला. मी प्रोफेसरांना म्हटलं, म्हणजे मी शाळेत मागच्या बाकावर झोपणाऱ्या पोरांना बक्षिसं द्यायला हवी होती. ते म्हणाले, “पोरांचं माहीत नाही, पण किनाऱ्याचं असंच आहे.” त्या रात्री मी त्यांच्या ताटात तार्ली मोजकी वाढली.

असो. तुझ्यावर राग नाही. तू त्या गावात लग्न करून गेलीस, तुला आळस सासरकडून मिळाला. अट्टिलिओला चालायला सांग, मीठ कमी दे. फादर अन्सेल्मो विचारत होते.

तुझी ताई,
एर्मिनिया

ता. क. नीवेस म्हणते, दुसरीकडे लोकांनी ओढून नेलेली पानं किनाऱ्यावर परत आणून टाकली आहेत आणि प्रांताच्या तपासणी समितीनं ते गावाच्या बाजूनं धरलं आहे. शिवाय कड्याखालचे खडक आम्हाला घासता आले नाहीत (बायकांची वयं बघता), तेव्हा तिथलं शेवाळ शाबूत आहे. दोन्ही मिळून ‘चांगली’ होऊ शकेल. पण आमची पानं प्रांताच्या कचऱ्यात जुन्या गाद्यांखाली पुरली गेली. तुमच्याकडे टूना मासळीच्या जुन्या शेडपाशी ती कमरेएवढी पडली आहेत. अट्टिलिओचा ट्रक रिकामाच असतो. चार खेपा पुरतील. वरच्या रस्त्यानं यावं, ताडपत्री घालून. कोणी विचारलंच तर शेणखत म्हणावं, वासानं खात्री पटेल.

ता. क. २. हे झालं तर या वर्षी पहिल्या बोटीत तू बस आणि बाबांचं नाव तू वाच. ते तुझेही बाबा होते, हे माझ्या लक्षात आहे. मी मागे बसेन. मात्र आडनाव गिळू नकोस, तुला ती सवय आहे.

ता. क. ३. काल जेवताना प्रोफेसरांना सहज विचारलं की, समजा, एखाद्या उत्तम किनाऱ्यावरून कोणी चार ट्रक पानं उचलली तर? ते म्हणाले, तो ‘चांगली’वर घसरेल. म्हणजे दोन्ही खाड्या सारख्या, आणि मातेला हलवायला कारण उरणार नाही. हे मी लिहिणार नव्हते, पण सिस्टर युस्ताकियांनी खरं बोलायला शिकवलं आहे; कुठल्या ओळीत बोलायचं ते सांगितलं नव्हतं. आणि ‘चांगली’ हा शेरा काही वाईट नाही, जिल्दा. तुझ्याबद्दल कोणी विचारलं की मी नेहमी तोच देत आले.