घाटावर गेलेले बांगडे

रविवार, संध्याकाळ. बंदरावरची खोली.

सकाळी बाबल्याच्याच होडीतून तपासणीसाठी समुद्राचं पाणी भरायला गेलतो. शेवाळानं पाणी लाल झालंय, किनाऱ्याला मेलेल्या बांगड्यांचा खच. ह्यातला मासा कुणी खाऊ नका, असं मीच सगळ्यांना सांगितलं. बाबल्यानं मान हलवली.

दुपारी त्याच्याकडं जेवायला बसलो तर डाळ. मासेमाराच्या घरात रविवारी डाळ! वैनी म्हणाली, "लाल पाण्यातलो मासो आमी खाणव नाय." बरं वाटलं. माझं ऐकलं म्हणायचं.

हात धुवायला बाहेर आलो, तर बाबल्या तेच मेलेले बांगडे बर्फात घालून टेंपोत चढवतोय.

"कुठं रं?"

"कोल्हापुराक. घाटार कोणाक कळता, ताजा काय नि शिळा काय?"

माझ्या तोंडावर! ज्याला भाऊ म्हणतोय त्यानं. मी बी कोल्हापूरचाच, विसरला व्हय? का ध्यानात असूनच बोलला?

आईला फोन लावला. म्हटलं, मासा घेऊ नको, पेठेत कुणालाच घेऊ देऊ नको. तर हसाय लागली. "आरं, मासेवाला तुझंच नाव सांगून इकतोय की! म्हणतोय, तपासणीवाला ह्याच गल्लीतला हाय, डोळं झाकून घ्या."